जाहिरात पानावर असू दे, वाटीत नको

दिवाळीच्या तोंडावर पाककृती विशेषांक बाजारात आले की दरवर्षी तोच वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, अंकात पाककृतींपेक्षा जाहिरातीच जास्त. पैसे मोजून आम्ही कॅटलॉग विकत घ्यायचा का? दुसरी बाजू सुनावते, जाहिराती नको असतील तर अंकाला दुप्पट-तिप्पट पैसे मोजायची तयारी ठेवा. मग कुणीतरी पानं मोजतं, कुणी मागच्या वर्षीच्या अंकाशी तुलना करतं, आणि फराळ संपेपर्यंत वादही संपतो. दोन्ही बाजू पानं मोजत बसतात, ही या वादातली मुळातली चूक आहे. स्वयंपाकाच्या मासिकात जाहिराती किती आहेत याने वाचकाचं फारसं बिघडत नाही, त्या कुठे बसल्या आहेत याने बिघडतं. मसाल्याची पानभर रंगीत जाहिरात वाचक एका क्षणात उलटतो. पण त्याच मसाल्याचं नाव साहित्याच्या यादीत ‘गोडा मसाला’ या शब्दांच्या जागी येऊन बसलं की पाककृतीच बदलते, आणि ती बदलली आहे हे वाचकाला कळायला काही मार्ग नसतो. म्हणून माझी मागणी अशी आहे: जाहिराती लागतील तितक्या छापा, पाककृतीच्या आत मात्र एकही नको.

जाहिरातीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठीत दिवाळी अंकांची जी परंपरा उभी राहिली ती जाहिरातींच्या आधाराने राहिली, हे मान्यच करायला हवं. स्वयंपाकघराच्या बाबतीत तर जाहिरातीने शिक्षकाचंही काम केलं आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे प्रेशर कुकर तयार होऊ लागले. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बाईला वाफेवर डाळ किती वेळात शिजते, झाकणाचं रबर का लागतं, शिट्टीच्या वाटेत शित अडकलं तर काय होतं, हे कोण सांगणार होतं? कुकरसोबत येणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेने ते सांगितलं. अशी एखादी पुस्तिका आजही उघडून पाहा. त्यात डाळीचं माप असतं, पाण्याचं माप असतं, किती लिटरच्या कुकरमध्ये किती मिनिटं हे असतं. अनेक मासिकांतल्या ‘चार शिट्ट्या होऊ द्या’पेक्षा हे कितीतरी नेमकं आहे. पाच लिटरच्या आणि दोन लिटरच्या कुकरमध्ये दोन शिट्ट्यांमधलं अंतर सारखं नसतं. गॅस मोठा ठेवला तर शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. कंपनीला हे ठाऊक होतं, कारण डाळ कच्ची राहिली असती तर दोष कुकरवर आला असता.

म्हणजे कंपनीचा पैसा आला की मजकूर बाटतोच असं नाही. आपल्याकडचं याहून मोठं उदाहरण किर्लोस्करवाडीचं आहे. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली निघालं ते कारखान्याचं पत्रक म्हणून. नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याच्या या पत्रकातून पुढे मराठीतलं एक मोठं पुरोगामी मासिक उभं राहिलं आणि १९३० साली त्याच घरातून ‘स्त्री’ निघालं. हे का साधलं? एक तर शंकरराव किर्लोस्करांसारखा संपादक होता. दुसरं, मासिक कुणाचं आहे हे मुखपृष्ठावरच लिहिलेलं होतं. किर्लोस्करांच्या मासिकात किर्लोस्करांच्या नांगराचं कौतुक वाचताना शेतकऱ्याला ते कौतुक कोण करतंय हे ठाऊक असे. तेवढं ठाऊक असलं की माणूस आपला हिशेब आपण करू शकतो.

आता पैशाचा मुद्दा. विरोधी बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. एक पाककृती नीट तपासायची तर ती किमान तीनदा करावी लागते. पहिल्यांदा लेखिकेने लिहिली तशी, दुसऱ्यांदा मापं दुरुस्त करून, आणि तिसऱ्यांदा ती कृती पूर्वी कधीच न केलेल्या माणसाच्या हातून, फक्त कागद वाचून. साठ पाककृतींचा अंक म्हणजे एकशे ऐंशी वेळा चूल पेटवणं. किराणा, गॅस, माणसाचा दिवस, सगळ्याला पैसे पडतात. अमेरिकेत ‘गूर्मे’ हे १९४१ साली सुरू झालेलं, स्वतःचं चाचणी स्वयंपाकघर असलेलं मासिक २००९ साली बंद पडलं. वाचक होते, नाव होतं. मंदीत जाहिराती आटल्या आणि मालकांनी ते बंद केलं. उलट ‘कुक्स इलस्ट्रेटेड’ने १९९३ पासून एकही जाहिरात न घेता केवळ वाचकांच्या वर्गणीवर अंक काढून दाखवले. पण इंग्रजी वाचणाऱ्या श्रीमंत देशाचा हिशेब मराठी मासिकाला जसाच्या तसा लावता येत नाही. वर्गणीदार काही हजारांत असले की वर्गणीतून चाचणीचा खर्च निघत नाही. त्यामुळे ‘जाहिराती बंद करा’ ही मागणी मराठीपुरती तरी ‘मासिक बंद करा’ अशीच होते. ती मी करणार नाही.

पण या मान्यतेतून पुढचं काही आपोआप निघत नाही. मासिकाला जाहिरातीचा पैसा हवा, हे खरं. म्हणून जाहिरातदाराला साहित्याच्या यादीत जागा हवी, हे कुठून आलं?

भरल्या वांग्यांचं उदाहरण घेऊ. आठ लहान काटेरी वांगी, म्हणजे साधारण अर्धा किलो. सारणाला अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट, पाव वाटी भाजलेलं सुकं खोबरं, एक मोठा चमचा भाजलेले तीळ, दोन लहान चमचे गोडा मसाला, दीड चमचा तिखट, लिंबाएवढी चिंच, तेवढाच गूळ, एक चमचा मीठ. या यादीत प्रत्येकाला काम आहे. कूट रस्सा बांधून धरतं आणि तेल सोडतं, खोबरं गोडसर जडपणा देतं, मसाला फक्त वास देतो. आता हीच पाककृती प्रायोजित होते. गोड्या मसाल्याच्या जागी ‘अमुक भरली वांगी मसाला, १ पाकीट’ येतं. पाकीट खपायला हवं म्हणून कूट अर्ध्यावर येतं, खोबरं ‘आवडीनुसार’ होतं, तीळ गळतात. तयार मसाल्याच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तो नियमच आहे. ते पाकीट उलटून वाचा. मीठ पहिल्या चार-पाच घटकांत असेल तर त्या पाकिटातून भाजीत भरपूर मीठ गेलेलं असतं. आणि पाककृतीत खाली नेहमीची ओळ असतेच, ‘मीठ चवीनुसार’. कच्चं सारण चाखून मीठ घालायची सवय असलेली बाई कदाचित बचावेल. सवयीने चमचाभर घालणारीची भाजी खारट होईल, आणि कूट कमी असल्याने रस्सा पांचट होऊन वांग्यांपासून वेगळा राहील.

गोडातही हेच होतं, फक्त तिथे चूक आणखी लपलेली असते. नानकटाईला १२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, ८० ग्रॅम पिठीसाखर आणि १०० ग्रॅम साजूक तूप हे चालणारं माप आहे. प्रायोजक बटरवाला असला की तुपाच्या जागी बटर येतं आणि आकडा तोच राहतो, १०० ग्रॅम. बाजारातल्या खारवलेल्या बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८० टक्के असतो, पाणी १६ टक्क्यांपर्यंत आणि मीठ तीन टक्क्यांपर्यंत. म्हणजे कागदावर १०० ग्रॅम दिसलं तरी पिठात स्निग्ध ८० ग्रॅमच गेलं, वर तीन लहान चमचे पाणी गेलं. मैद्याला पाणी मिळालं की त्याला चिवटपणा येतो, आणि नानकटाईत नको असतो तो नेमका हाच. बटरमधल्या दुधाच्या अंशामुळे कडा लवकर लाल होतात, म्हणून ती भट्टीतून आधी काढली जाते आणि मध्ये कच्ची राहते. बटरचीच नानकटाई करायची असेल तर १२५ ग्रॅम बटर घ्या, मंद आचेवर पाणी उडेपर्यंत कढवा, गाळा, गार करून गोठू द्या आणि मग साखरेबरोबर फेसा. पण ही चार वाक्यं लिहिली की प्रायोजकाचं ‘झटपट’ जातं. म्हणून ती लिहिली जात नाहीत.

‘१ डबा कंडेन्स्ड मिल्क’ हेही असंच. डबा हे माप नव्हे. कंपनीने डब्यातलं वजन वीस ग्रॅमने कमी केलं की पाच वर्षांपूर्वीच्या अंकातली बर्फी आज नीट थापली जात नाही. शिवाय त्या दुधात साधारण ४० ते ४५ टक्के साखरच असते. हे न सांगता वर एक वाटी साखर लिहिली की गोडीचा अंदाज पार चुकतो. मायक्रोवेव्हच्या प्रायोजित पानावर ‘तीन मिनिटं’ लिहिलेलं असतं, भट्टी किती वॉटची हे नसतं. हजार वॉटवरची तीन मिनिटं म्हणजे सातशे वॉटवर जवळजवळ सव्वाचार मिनिटं. प्रायोजकाच्या नव्या मॉडेलवर केलेली पाककृती जुन्या मॉडेलच्या घरी कच्ची राहणारच.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की वाचक शहाणा आहे, ब्रँडचं नाव वाचून तो समजून जातो आणि आपल्या घरचा मसाला वापरतो. वाचक शहाणा आहे, यात शंका नाही. पण जाहिरात वेगळ्या पानावर असते तेव्हा तो शहाणपणा चालतो, कारण तिथे काय विकलं जातंय हे समोर दिसतं. पाककृती वाचताना माणूस वेगळ्या मनःस्थितीत असतो. हात पिठात असतात, तेल तापलेलं असतं, आणि कागद सांगेल तसं करायचं असं ठरवूनच तो उभा असतो. साहित्याच्या यादीतला कुठला शब्द चवीसाठी आला आणि कुठला पैशासाठी, हे तेव्हा कसं ओळखायचं? बरं, घरचा मसाला वापरला तरी सुटका नाही. बाकीची मापं त्या पाकिटाभोवती वाकवलेली असतात. पाकिटातलं मीठ गेलं, कुटाची भरपाई झालीच नाही, भाजी बेचव झाली. आणि भाजी बिघडली की दोष कुणाला जातो? मासिकाला नाही, कंपनीला तर नाहीच. ‘माझाच हात बसला नाही’ म्हणून ती बाई गप्प बसते. ऐन दिवाळीत किलोभर भाजणीच्या चकल्या तेलात विरघळतात. मोहनाच्या जागी प्रायोजकाचं काहीतरी जास्त पडलेलं असतं, पण ती मात्र आपल्या आईच्या हाताची सर आपल्याला नाही असं मानून घेते. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त टोचतं ते हे. पाककृतीवर टाकलेला विश्वास किराण्यासारखा दुकानातून परत भरून आणता येत नाही.

ब्रँडचं नाव कधीच नको, असंही मी म्हणत नाही. काही जिन्नस असे आहेत की नावाशिवाय माप निरर्थक ठरतं. बाजारात मिळणाऱ्या हिंगपुडीत पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, आणि तो किती हे उत्पादकागणिक बदलतं. एकाचा पाव चमचा दुसऱ्याच्या अर्ध्या चमच्याएवढा. इन्स्टंट यीस्ट थेट पिठात मिसळतं, दुसऱ्या प्रकारचं आधी कोमट पाण्यात फुलवावं लागतं. कोको पावडर अल्कली प्रक्रियेची आहे की साधी, यावर खायचा सोडा घालायचा की बेकिंग पावडर हे ठरतं. अशा ठिकाणी कुठल्या मालावर चाचणी केली हे सांगणं प्रामाणिकपणाचंच आहे. पण ते चाचणीची नोंद म्हणून सांगावं, पाककृतीच्या खाली, आणि सोबत गुणधर्म लिहावा: ‘तीव्र वासाचा खडा हिंग असेल तर निम्मा घ्या’. न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात बसलेल्या मराठी माणसाला आपल्याकडचं पाकीट मिळेलच असं नाही. गुणधर्म कळला तर तो तिथे मिळेल त्या मालावर वेळ निभावून नेतो.

‘साधी स्वयंपाकाची पानं आहेत, एवढा गहजब कशाला’, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा मागे पाहावं. १९३७ साली डालडा हे वनस्पती तूप बाजारात आलं. लोक तुपाला सरावलेले होते, वनस्पतीवर विश्वास नव्हता. तो मिळवण्यासाठी डब्याच्या आकाराच्या गाड्या फिरल्या, रस्त्यावर पदार्थ तळून दाखवले गेले, डालडाच्या नावाने पाककृती वाटल्या गेल्या. गांधीजींचा वनस्पतीला विरोध होता, तरी डालडा घराघरात पोचलं. आणि आज आपण काय करतो आहोत? वनस्पती तुपात आणि तेलांत प्रक्रियेतून तयार होणाऱ्या, हृदयाला घातक ट्रान्स फॅटला जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. त्या काळी हे धोके माहीत नव्हते, हे कबूल. पण डालडाच्या पाककृतीवर निदान डालडाचं नाव होतं. आज तीच गोष्ट संपादकाच्या नावाखाली आली तर उद्या काय कळेल आणि तेव्हा कुणाला विचारायचं?

स्त्रियांच्या मासिकांवर अन्नउत्पादकांचा दबाव कसा येतो हे अमेरिकेत स्त्रीवादी पत्रकार ग्लोरिया स्टाइनम यांनी १९९०मध्येच लिहून ठेवलं आहे. त्यांच्या ‘मिझ’ मासिकाला अन्नपदार्थांच्या जाहिराती मिळत नव्हत्या, कारण त्या मासिकात पाककृती नव्हत्या, आणि जाहिरातदारांना आपल्या जाहिरातीशेजारी अनुकूल पाककृती हवी होती. म्हणजे पाककृती ही जाहिरातीची सजावट. त्याच वर्षी ‘मिझ’ने जाहिरात घेणंच बंद केलं. आपल्याकडेही कायद्याने एका जागी ही रेषा स्पष्ट आखली आहे. १९९२चा शिशुदुग्धपर्यायांचा कायदा आणि त्यातली २००३ची दुरुस्ती यांनी दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या तयार आहाराची जाहिरातच बंद केली, कारण आईला मिळणारा सल्ला आणि विक्री एकत्र आले की नुकसान बाळाचं होतं. २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात ‘पेड न्यूज’ गाजली, प्रेस कौन्सिलला चौकशी करावी लागली, आणि पैसे घेऊन छापलेली बातमी ही वाचकाची फसवणूक आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. पैसे घेऊन बदललेली पाककृती तिच्यापेक्षा वेगळी कशी? बातमी वाचून माणूस मत बनवतो, पाककृती वाचून तो ती घरच्यांना खाऊ घालतो. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. शिफारस करणारा आणि विकणारा यांच्यात आर्थिक संबंध असेल तर तो उघड करावा, असं ती सांगतात. मोबाइलवर रील करणाऱ्या मुलीकडून आपण ही अपेक्षा करतो आणि प्रतिष्ठित छापील अंकाकडून करत नाही, हे बरोबर नाही.

जागेबद्दल एक लहान पण रोजची तक्रार आहे, तीही याच वादात यायला हवी. साहित्य डाव्या पानावर, मध्ये तेलाची जाहिरात, कृती पुढच्या पानावर आणि शेवटचा टप्पा ‘पान ८४ वर’. उकड काढायची तर पाणी उकळल्याबरोबर पीठ घालून झाकण ठेवावं लागतं, तेव्हा पिठाळलेल्या हातांनी पान उलटायला उसंत नसते. एक पाककृती एका उघड्या जोडपानात पूर्ण व्हावी आणि जाहिरात तिच्या आधी किंवा नंतर यावी. यात जाहिरातदाराचा एक रुपयाही जात नाही.

प्रायोजित पाककृती छापायचीच असेल तर छापा, पण ‘प्रायोजित’ हा शब्द शीर्षकाच्या वर, शीर्षकाच्याच आकारात हवा. पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात नको. साहित्याच्या यादीत जिन्नस ग्रॅममध्ये आणि वाटीत, त्याच्या साध्या मराठी नावाने. आणि ती पाककृती एकदा प्रायोजकाच्या मालावर, तर एकदा वाण्याकडच्या सुट्या मालावर करून पाहावी. दोन्ही वेळा जमली तर पाककृती शाबूत आहे. फक्त पाकिटावरच जमत असेल तर ती पाकिटाची कृती आहे, तिची जागा पाकिटाच्या मागे. बटरवाल्या नानकटाईची ही चाचणी करायला एक संध्याकाळ आणि अर्धा किलो मैदा पुरतो. संपादकाने दोन्ही ताटं प्रायोजकापुढे ठेवावीत, आणि त्याने बटरच्या ताटातली नानकटाई हाताने मोडून पाहावी.